घोडा उभा असताना बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. डोंबिवलीचं एक कुटुंब दिवाळीच्या सुट्टीत अलिबागला गेलं होतं. ओहोटी लागल्यावर ते टांग्याने कुलाबा किल्ल्यापर्यंत गेले. आई-बाबा, आजी-आजोबा, काका आणि नऊ वर्षांची मुलगी, असे सहा जण. परतताना घोड्याच्या छातीच्या पट्ट्याखाली पांढरा फेस जमलेला दिसला. मुलीने विचारलं, "त्याला दुखतंय का?" टांगेवाला म्हणाला, "सवय आहे त्याला." घरी आल्यापासून मुलगी हाच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारते आहे. आईला तीन गोष्टी हव्या आहेत: घोड्याला त्रास होतोय हे साध्या माणसाला कसं कळावं, मुंबईसारखी घोडागाड्यांवर बंदी सगळीकडे आणावी का, आणि पुढच्या वेळी टांग्यात बसावं की नाही.

मी घोड्यांची डॉक्टर आहे. २८ वर्षं हेच काम केलं. पहिली बरीच वर्षं दक्षिण मुंबईतल्या व्हिक्टोरियांचे, म्हणजे हौसेच्या फेरीच्या घोडागाड्यांचे घोडे पाहिले, नंतर रायगडच्या किनाऱ्यावरचे टांग्यांचे आणि माथेरानचे. त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

आधी मुलीसाठी. तो फेस ही दुखण्याची खूण नाही. घोड्याच्या घामात लॅथेरिन नावाचं एक प्रथिन असतं, ते साबणासारखं काम करतं. त्यामुळे घाम दाट केसांतून पसरतो, लवकर उडतो आणि अंग थंड होतं. पट्टा जिथे घासतो तिथे त्याचा फेस होतो. फेस आलेल्या घोड्याला निदान घाम येतोय. मला धास्ती वाटते ती उन्हातून आलेल्या, धापा टाकणाऱ्या आणि तरीही कोरड्या घोड्याची. उष्ण-दमट हवेत काही घोड्यांचा घाम हळूहळू बंदच पडतो. कपाळावरचे केस विरळ होतात, कातडी कोंड्यासारखी सुटते आणि थोड्याशा कामाने घोडा भात्यासारखा धापा टाकू लागतो. असा घोडा किनारपट्टीवर कामाला जुंपूच नये. त्याला देशावर, कोरड्या हवेत पाठवणं हाच खरा उपाय.

आता "सवय आहे त्याला" याविषयी. टांगेवाला खोटं बोलत नव्हता. ओढण्याची सवय घोड्याला होते, गर्दीची होते, हॉर्नचीही बरीचशी होते. चांगल्या स्थितीतला घोडा सपाट रस्त्यावर दोन-तीन माणसांचा टांगा फार कष्ट न पडता ओढतो. पण ज्या घोड्यांवर मी उपचार केले त्यांतले बहुतेक ओढण्यामुळे आजारी पडलेले नव्हते, उभं राहण्यामुळे पडलेले होते. गिऱ्हाइकाची वाट बघत डांबरावर उभं राहणं, तबेल्यात आखूड दोरीने बांधून उभं राहणं, तासन्‌तास पाण्यावाचून, चाऱ्यावाचून उभं राहणं. आपल्याकडे लहानपणी सगळ्यांना घातलेलं एक कोडं आहे: भाकरी का करपली, पान का सडलं, घोडा का अडला? फिरवलं नाही म्हणून. ज्याने कुणी ते रचलं त्याने घोडा पाळलेला असणार. मोकळा घोडा दिवसाचे पंधरा-सोळा तास चरत हळूहळू चालत असतो. त्याच्या पायातलं रक्त वर परत जायला खुराची हालचाल लागते, आतड्यातला चारा पुढे सरकायला चालणं लागतं. शहरात आपण त्याला दोनच गोष्टी करायला लावतो: धावायचं किंवा खिळून उभं राहायचं.

एक घोडा मला आजही आठवतो. काळसर तपकिरी रंगाचा, दहा-अकरा वर्षांचा, गेटवेच्या परिसरात व्हिक्टोरियाला जुंपलेला. उभ्या उभ्या मध्येच गुडघ्यांवर कोसळायचा आणि दचकून उठायचा. मालकाला वाटलं मिरगी आहे. कुणी उन्हाचा झटका म्हटलं, कुणी नजर लागली म्हटलं. माझ्याआधी कुणीतरी त्याला दोन महिने झटक्यांचं औषध दिलं होतं. मी त्याचे पुढचे पाय पाहिले. खुराच्या वरच्या सांध्यावर, समोरच्या बाजूला, दोन्ही पायांवर जुने-नवे घट्टे आणि जखमा होत्या. रात्री तबेला बघायला गेले. रेल्वेच्या भिंतीला लागून पत्र्याची शेड, उतरती फरशी, मुताची ओल, आणि घोडा इतक्या आखूड दोरीने बांधलेला की मान खाली घालायलाही जागा नव्हती. शेजारच्या घोड्याशी भांडतो म्हणून तसा बांधला होता.

घोडा उभ्याने डुलकी काढतो हे सगळ्यांना माहीत असतं. गाढ झोपेसाठी मात्र त्याला आडवं व्हावंच लागतं, हे फार थोड्यांना माहीत असतं. रोज अर्धा-पाऊण तास पुरतो, पण तेवढा लागतोच. तो मिळाला नाही की काही दिवसांनी शरीर उभ्यानेच गाढ झोपेत शिरतं, पाय मुडपतात आणि घोडा कोसळतो. या घोड्याला मिरगी नव्हती, त्याला झोप नव्हती. दोरी लांब केली, मध्ये बांबूची आडवट घातली, खाली लाकडाचा भुसा पसरला. पहिले चार दिवस तो आडवा झालाच नाही, त्याचा जागेवर विश्वास बसेना. पाचव्या पहाटे मालकाचा फोन आला, "डॉक्टरबाई, सोया है. घोरतोय." त्या माणसाच्या आवाजात रडू होतं. त्याने घोड्यावर वर्षभरात बराच पैसा घातला होता. लांब दोरीची गरज आहे, एवढंच त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

म्हणून माझं पहिलं सांगणं: घोडा उभा असताना बघा. धावताना त्याचा उत्साह दिसतो आणि त्याने आपली फसगत होते.

उभा घोडा मागचा एक पाय सैल सोडून, खुराचं टोक टेकवून उभा असेल तर काळजी नको, तो विसावलाय. पाच-दहा मिनिटांनी तो पाय बदलेल. पुढचा पाय मात्र घोडा विसाव्यासाठी कधी पुढे टाकत नाही. एक पुढचा पाय इतर पायांच्या रेषेबाहेर पुढे ठेवून तो उभा असेल तर त्या पायात दुखणं आहे, बहुतेक वेळा खुरात. दोन्ही पुढचे पाय पुढे टाकून भार मागे घेतला असेल तर ते जास्त गंभीर, खुराच्या आतल्या नाजूक थराला सूज आलेली असू शकते. अशा घोड्याला एक पाऊलही टाकायला लावू नये. चालताना लंगडणं कळायला डोक्याकडे बघा. दुखरा पुढचा पाय टेकला की डोकं वर उडतं, चांगला पाय टेकला की खाली येतं. एवढं लक्षात ठेवलं तर तुमची मुलगीही लंगडा घोडा ओळखेल.

मग तोंड. २०१४ साली युरोपातल्या संशोधकांनी घोड्याच्या चेहऱ्यावरून वेदना ओळखण्याची एक मोजपट्टी तयार केली. घोड्यांची निगा राखणारे जुने मोतद्दार हेच नजरेने ओळखायचे: कान ताठ मागे वळलेले, डोळ्याच्या वरचं हाड उठून दिसणारं, पापण्या अर्धवट मिटलेल्या, जबड्याचे स्नायू आवळलेले, नाकपुड्या ताणलेल्या. यात मी एक भर घालेन. काही घोडे काहीच दाखवत नाहीत. नजर कुठेच नसते, कान हलत नाहीत, माशी बसली तरी कातडी थरथरत नाही. लोक म्हणतात, "किती शांत आहे!" शांत घोड्याचे कान आवाजाकडे वळतात. ज्याचे वळत नाहीत तो शांत नाही, त्याने आशा सोडलेली आहे.

अंगावर पांढऱ्या केसांचे ठिपके दिसले, विशेषतः छातीवर, पाठीवर किंवा तोंडाच्या कोपऱ्यांत, तर ते जन्माचे असतीलच असं नाही. पट्ट्याने किंवा लगामाच्या कडीने खोल जखम होऊन भरली की तिथे पुष्कळदा पांढरे केस येतात. एखाददुसरा जुना ठिपका क्षम्य आहे. ताजी ओली जखम आणि तिच्यावरच पट्टा, हे क्षम्य नाही.

बरगड्यांवरून घोड्याची तब्येत ठरवताना थोडं जपून. थोड्या बरगड्या दिसणारा, पण मागचा पुठ्ठा गोल असलेला घोडा ठीक असू शकतो. पाठीचा कणा कौलाच्या आढ्यासारखा वर आलेला आणि कमरेची हाडं टोचतील अशी दिसत असतील तर तो उपाशी आहे किंवा आतून आजारी आहे. "खातो पण अंगी लागत नाही" हे वाक्य मी हजारदा ऐकलंय. अशा वेळी मी पहिल्यांदा दात बघते. घोड्याचे दात आयुष्यभर हिरडीतून वर येत राहतात आणि दाढांना बाहेरून धार येते. गालाला जखमा झाल्या की घास अर्धवट चावून टाकला जातो, शेणात अख्खा हरभरा दिसतो. कानस फिरवायला अर्धा तास लागतो आणि महिन्याभरात घोडा बदलतो. दात चांगले असतील तर जंत, आणि तेही नसतील तर सर्रा नावाचा, गोमाश्यांमार्फत पसरणारा रक्तातला रोग तपासायचा.

खाण्याबद्दल एवढंच सांगते. घोड्याचं जठर शरीराच्या मानाने लहान, जेमतेम आठ ते पंधरा लिटरचं. त्यात आम्ल सतत पाझरत असतं, घोडा खात असो वा नसो. त्याला उलटी करता येत नाही. रानात तो सतत थोडं थोडं खातो म्हणून हे सगळं निभतं. आपण त्याला सकाळी एक तोबरा आणि रात्री अकराला एक तोबरा चंदी, म्हणजे दाणा, देतो आणि मधले बारा-चौदा तास उपाशी ठेवतो. मग जठरात व्रण होतात, पोटशूळ उठतो. पोटशुळाने घोडे मरतात, आणि मरताना फार तडफडतात. टांग्याच्या मागे गवताची एक जाळी टांगून ठेवली आणि प्रत्येक थांब्यावर घोड्यापुढे धरली तर यातले कितीतरी घोडे वाचतील. चंदी वाढवू नका, कडबा-गवत वाढवा. अंगाच्या वजनाच्या दीड ते दोन टक्के सुका चारा रोज पोटात जायला हवा, म्हणजे साडेतीनशे किलोच्या घोड्याला सव्वापाच ते सात किलो. किनाऱ्यावर आणखी एक काळजी: गवत वाळूवर टाकू नये. घासागणिक वाळू पोटात जाते, तळाशी साठते आणि एक दिवस आतडं अडतं.

आता ऊन. इथे कायदा आणि हवा यांचा मेळ बसत नाही. ओढकामाच्या आणि ओझ्याच्या जनावरांसाठी १९६५ चे केंद्रीय नियम आहेत. दिवसात नऊ तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग पाच तासांपेक्षा जास्त नाही, आणि तापमान ३७ अंशांच्या वर असेल तिथे दुपारी बारा ते तीन काम नाही. हे नियम नागपूर-चंद्रपूरला काही अर्थाने उपयोगी पडतात. मुंबई-अलिबागला पारा ३७ च्या वर मोजकेच दिवस जातो, म्हणजे कागदावर घोडा जवळजवळ वर्षभर सुरक्षित. प्रत्यक्षात ३३ अंश आणि हवेत ७५ टक्के दमटपणा असेल तर घाम उडत नाही, अंगावरून नुसता ओघळतो. स्नायूंनी जाळलेल्या शक्तीचा पाऊण हिस्सा उष्णता होऊन बाहेर पडायचा असतो, तो अडकून राहतो.

घोडेवाल्यांना मी एक सोपा हिशेब शिकवते. फॅरनहाइटमधलं तापमान आणि आर्द्रतेचा टक्का यांची बेरीज करायची. १३० च्या आत असेल तर काळजी नाही. १५० च्या वर गेली की फेऱ्या कमी करायच्या, सावली आणि पाणी वाढवायचं. १८० च्या आसपास गेली की घोडा सोडायचा. वरच्या उदाहरणात ९१ अधिक ७५ म्हणजे १६६ होतात, तेही संध्याकाळी, जेव्हा सगळ्यांना वाटतं की आता ऊन उतरलं. मे महिना आणि ऑक्टोबर, दोन्हीकडे लक्ष ठेवावं लागतं.

यावरून एक जुनी गोष्ट आठवते. मुंबईत १८७४ पासून १९०५ पर्यंत घोड्यांच्या ट्राम चालत. त्या घोड्यांच्या डोक्यावर उन्हापासून बचावासाठी खास टोप घालत असत. डोकं झाकून फारसा फायदा होत नाही हे आज आपल्याला कळतं, पण घोड्याला ऊन लागतं आणि त्याची तजवीज ट्राम चालवणाऱ्याने करायची असते, हे तेव्हाही मान्य होतं.

तापलेल्या घोड्याला थंड पाणी पाजू नये आणि अंगावर ओतू नये, हा समज टांगेवाल्यांत घट्ट आहे. तो चुकीचा आहे आणि त्यापायी घोडे मेलेले मी पाहिले आहेत. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकच्या आधी, तिथल्या दमट उन्हाळ्यासाठी, यावर बरंच संशोधन झालं. सार असं की तापलेल्या घोड्यावर मिळेल तेवढं थंड पाणी ओता, मानेवर, छातीवर, पाठीवर, मांड्यांच्या आत, आणि ओतत राहा. ओलं गोणपाट टाकून ठेवू नका, ते दोन मिनिटांत तापतं आणि उष्णता कोंडतं. पाणी प्यायलाही लगेच द्या, बादलीतून थोडं थोडं, मध्ये श्वास घेऊ द्या. कामाच्या दिवशी घोड्याला चाळीस लिटर पाणी सहज लागतं, उन्हाळ्यात त्याहून जास्त. त्यात एक अडचण आहे. घोड्याच्या घामातून मीठ इतकं जातं की रक्तातलं पाणी कमी होऊनही त्याला तहान लागत नाही. "दिलं होतं, प्याला नाही" असं मालक म्हणतो ते खरं असतं. चंदीत रोज दोन मोठे चमचे साधं मीठ घाला, मग तो पितो. यापेक्षा स्वस्त औषध माझ्याकडे नाही.

खुरांविषयी बोलायचं तर रात्र पुरणार नाही. खूर महिन्याला आठ-दहा मिलीमीटर वाढतो, म्हणून सहा ते आठ आठवड्यांनी नाल काढून, खूर छाटून पुन्हा बसवावी लागते. डांबरावर नाल त्याआधीच झिजून गुळगुळीत होते आणि पावसात किंवा तेलकट सिग्नलपाशी घोडा घसरतो. नालबंदाचे पैसे वाचवण्यासाठी झिजलेली नाल ठेवली जाते, टोक लांब वाढतं, टाच दबते आणि आतल्या सांध्यांवर प्रत्येक पावलाला हादरा बसतो. सहा वर्षं असं चाललेला घोडा बाराव्या वर्षी म्हातारा होतो, तोच घोडा नीट सांभाळला तर पंचविशी गाठतो. खुरात खिळा घुसला तर धनुर्वाताची भीती असते. पाळीव जनावरांत घोडा धनुर्वाताला सगळ्यात कच्चा आहे आणि त्याची लस अगदी थोडक्या पैशांत मिळते. लस न दिल्यामुळे गेलेला प्रत्येक घोडा मला अजून टोचतो.

रस्त्यात घोडा पडलाच तर काय करायचं, हे टांग्यात न बसणाऱ्यांनीही जाणून घ्यावं. त्याला ओढून किंवा मारून उठवू नका. एकाने मानेपाशी, पाठीकडच्या बाजूने बसून डोकं हळूच खाली धरावं आणि डोळ्यावर कापड टाकावं. पायांच्या बाजूला कुणी जाऊ नये. दुसऱ्याने पट्टे सोडावेत, सुटत नसतील तर कापावेत. गाडी मागे ढकलून वेगळी करा. खुरांखाली पोती किंवा माती टाका. मगच डोकं मोकळं सोडा. तो स्वतःच्या वेळेने उठेल.

आता तुमच्या सहा जणांचा हिशेब. त्याच १९६५ च्या नियमांत टांग्यात चालक सोडून चारच माणसं बसू शकतात, सहा वर्षांखालची मुलं वगळून. तुमची मुलगी नऊ वर्षांची, म्हणजे दोन माणसं जास्त होती. ही चूक तुम्हाला माहीत नव्हती म्हणून झाली, पण घोड्याच्या बाजूने ती मोठी आहे, कारण तिथे वाळू ओली असते आणि चाक रुततं. वजनाइतकीच बसण्याची पद्धतही महत्त्वाची. दोन चाकांचा टांगा तराजूसारखा असतो. मागे जास्त वजन झालं की गाडी उलाळ होते, दांड्या वर जातात आणि पोटाचा पट्टा घोड्याला वर खेचतो. पुढे जास्त झालं की सगळा भार पाठीवर येतो. टांगेवाला "जरा पुढे सरका, दादा" म्हणतो ते घोड्यासाठी. त्याचं ऐकावं.

आणि बंदी? जून २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मौजेखातर चालणाऱ्या व्हिक्टोरिया बेकायदा ठरवल्या आणि वर्षभरात त्या बंद करून मालक-चालकांच्या पुनर्वसनाची योजना करायला सरकारला सांगितलं. तबेले विनापरवाना आहेत, हाही त्या खटल्यातला मुद्दा होता. मार्च २०२१ मध्ये तशाच दिसणाऱ्या विजेवरच्या गाड्या दक्षिण मुंबईत आल्या. मला हा निकाल तेव्हाही बरोबर वाटला, आजही वाटतो. ज्या शहरात माणसाला पाय पसरायला जागा नाही तिथे घोड्याला आडवं व्हायला जागा मिळणार नव्हती, आणि ते प्रवासाचं साधन उरलं नव्हतं, नुसती हौस होती.

पण तो निकाल आणि शेवटची घोडागाडी यांच्या मधला काळ मी जवळून पाहिला. धंदा बुडणार हे कळलं की मालक नालांवर, लसीवर, चाऱ्यावर पैसे घालायचं थांबवतो. त्याचा दुष्टपणा त्यात नसतो, त्याच्याकडे पैसाच येत नाही. त्या दिवसांत माझ्याकडे आलेले घोडे त्याआधीच्या कुठल्याही वर्षापेक्षा वाईट स्थितीत होते. नंतर काही वरातीला गेले, काही किनाऱ्यावर, काही विकले गेले आणि त्यांचं काय झालं ते मला कळलं नाही. वरातीचा घोडा टांग्याच्या घोड्यापेक्षा सुखी असतो, असं मुळीच नाही. माणसाला वीस हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, घोड्याला तेहतीस हजारांपर्यंत. डीजेच्या भिंतीपुढे, पायांत फटाके फुटत असताना, तोंडातली कडी खेचून त्याला नाचवणं हे मी पाहिलेल्या सगळ्या कामांत वाईट काम आहे. व्हिक्टोरिया बंद झाल्याचा आनंद मानणारी माणसं त्याच हिवाळ्यात भावाच्या लग्नाला घोडा ठरवताना मी पाहिली आहेत.

तेव्हा माझं मत असं. जिथे बंदी आणायची तिथे पहिल्या दिवशी घोडे मोजा. प्रत्येकाच्या मानेत ओळखीची चिप घाला, रक्त तपासा, आणि मालकाला पैसे देताना घोडा कुठे गेला याचा पुरावा मागा. रक्त तपासायचं ते ग्लँडर्ससाठी. २००६ मध्ये हा रोग महाराष्ट्रात पुन्हा आढळला. तो माणसालाही होतो, आणि लागण झालेला घोडा मारावाच लागतो. तपासणी न करता घोडे गावोगाव विकले जाणं म्हणजे रोग वाटत फिरणं. जिथे बंदी नाही, अलिबागसारख्या ठिकाणी, तिथे मी आज बंदी मागणार नाही. तिथे मी थांब्यावर सावलीचं छप्पर मागेन, नळ मागेन, नालबंदाची ठरलेली फेरी मागेन आणि आठवड्याला एक सुट्टी मागेन. दर घोड्यामागे वेगळी बादली, हेही. सार्वजनिक हौदात सगळ्यांची तोंडं बुडाली की ग्लँडर्ससारखे रोग एकाच हौदातून पसरतात. हे सगळं मिळून एका मोठ्या सेल्फी पॉइंटच्या खर्चात होतं.

कायद्याचा धाकही हवा, पण १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड आहे दहा ते पन्नास रुपये. आज तेवढ्यात गवताची धड पेंढीही येत नाही. ही रक्कम बदलल्याशिवाय पोलिसांनी हात हलवावा अशी अपेक्षा करणं कठीण आहे. तरीही उघड मारहाण, ताजी जखम किंवा पडलेला घोडा दिसला तर ११२ ला फोन करा. जनावरांच्या फिरत्या दवाखान्यासाठी १९६२ आहे. शिपायाच्या वरच्या दर्जाचा पोलीस याच कायद्याखाली जनावर तपासणीसाठी ताब्यात घेऊ शकतो, हे त्यांना सांगायला संकोच करू नका. मात्र लहानसहान चुकांचे व्हिडिओ काढून टांगेवाल्याची बदनामी करू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. त्यानंतर तो आजारी घोडा लपवतो, आणि तो माझ्यापर्यंत पोचतच नाही.

पुढच्या वेळी बसावं की नाही, याचं उत्तर थांब्यावर उभ्या असलेल्या घोड्याकडे बघून तुम्हीच ठरवा. दोन टांगे करा, चार-चार माणसांपेक्षा जास्त बसू नका. सगळ्यात चांगल्या घोड्याचा टांगा निवडा आणि का निवडला ते मालकाला मोठ्याने, इतरांना ऐकू जाईल असं सांगा. "याचे पाय चांगले आहेत, याला पाणी दिलेलं दिसतंय, म्हणून याच्यात बसतो." थांब्यावरचे बाकीचे ऐकत असतात. दर आठवड्याला असं सांगणारी दहा गिऱ्हाइकं आली तर माझ्या भाषणांपेक्षा जास्त फरक पडेल. कुठलाच घोडा ठीक वाटला नाही तर ओहोटीला चालत जा, वाळू घट्ट असते, आजी-आजोबांना किनाऱ्यावर बसू द्या.

मुलीला एक काम द्या. टांग्यात चढण्याआधी घोड्याच्या बरगड्यांच्या मागे, जिथे पोट सुरू होतं तिथे बघायचं. पोट आत-बाहेर झालं की एक श्वास. अर्धा मिनिट मोजायचं आणि दुप्पट करायचं. विसावलेल्या घोड्याचा आकडा आठ ते सोळा येतो. फेरीहून नुकताच आला असेल तर जास्त येईल, मग दहा मिनिटं थांबून पुन्हा मोजायचं. दुसऱ्यांदाही चाळीसच्या वर आला तर टांगेवाल्या काकांना सांगायचं, "याला अजून थोडा वेळ द्या, आम्ही थांबतो." आणि खरोखर थांबायचं.